निक्सओएस, आठ महिन्यांनंतर: एक लोडर तरी ठरल्या जागी ठेवा

आठ महिन्यांपासून माझ्या लॅपटॉपवर निक्सओएस आहे, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार (डिस्ट्रो). गेल्या महिन्याची १९ तारीख. दुसऱ्या दिवशी जीएसटीच्या थ्री-बी या मासिक रिटर्नची मुदत संपणार, एका प्रायव्हेट लिमिटेडचं रिटर्न बाकी, आणि डिजिटल सहीचं नवं टोकन लॅपटॉप ओळखेना. टोकनचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं असं पाकिटावर छापलेलं. उघडलं तर 'निक्सओएसवर हे असं चालत नाही' अशा अर्थाचा संदेश. हेल्पलाइनचं उत्तर: 'मॅडम, उबंटू टाका.' शेवटी नौपाड्यात ओळखीच्या ऑफिसात जाऊन त्यांच्या विंडोजवर सही केली. रिक्षाचे १०० रुपये गेले आणि अख्खी संध्याकाळ गेली.

कारण कळल्यावर जास्त चिडले. बाहेरून तयार मिळणाऱ्या बहुतेक प्रोग्रामच्या पोटात लोडरचा पत्ता लिहिलेला असतो: लिब६४ फोल्डर. लोडर म्हणजे प्रोग्राम सुरू होताना त्याला लागणाऱ्या लायब्ररी (तयार कोडचे संच) जोडून देणारा छोटा प्रोग्राम. डेबियन, फेडोरा, उबंटू अशा इतर डिस्ट्रोंत सगळीकडे तो तिथेच सापडतो. निक्सओएस मात्र सगळं निक्स स्टोअर नावाच्या आपल्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं. त्या पत्त्यावर खरा लोडर नसतोच.

त्या रात्री मला कुणी विचारलं असतं, तर डिस्ट्रोने सगळी स्टँडर्ड मुकाट्याने पाळावीत असंच मी म्हटलं असतं. आता तसं म्हणणार नाही. पावसाळ्यात एका अपडेटनंतर वायफाय गेलं होतं. बूट मेनूत आदल्या दिवसाची नोंद निवडली, दोन मिनिटांत काम सुरू. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी नांदतात म्हणून हे इतकं सहज होतं. सगळं इतरांसारखं यूएसआर-लिब या एकाच फोल्डरमध्ये कोंबलं तर कसं होणार? आणि लिनक्स स्टँडर्ड बेसचं, म्हणजे सगळ्या डिस्ट्रोंसाठी केलेल्या सामायिक नियमावलीचं, काय झालं तेही बघा. सॉफ्टवेअरचं पॅकेज आरपीएम स्वरूपात हवं, ही त्याची अट; डेब हे दुसरं स्वरूप वापरणाऱ्या डेबियनसारख्यांनी ती का मानावी? २०१५ मध्ये त्याची ५.० आवृत्ती आली आणि त्याच वर्षी डेबियनने त्याचा नाद सोडला.

पण लोडरचं तसं नाही. तो एक पत्ता सगळ्यांनी मिळून पाळलेला आहे, आणि छोट्या कंपन्या त्याच भरवशावर सॉफ्टवेअर देतात. निक्सओएसच्या कॉन्फिगरेशनमध्ये निक्स-एलडी ही सोय चालू केली की त्या जागी बदली लोडर बसतो. सोबत टोकनशी बोलणारी पीसीएससीडी ही सेवा लागते. दोन ओळींचं काम! मग ते मुळातच चालू का नाही? ज्यांना सगळं स्टोअरमध्येच ठेवण्याची शुद्धता हवी त्यांनी बंद करावं. मुदतीच्या आदल्या रात्री ही ओळ शोधत बसायची पाळी हिशेब लिहिणाऱ्या बाईवर का यावी?

या महिन्याची सही घरूनच झाली. डिस्ट्रो बदलत नाहीये.