पुढच्या चाकाचं बेअरिंग बदलल्यावर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बदललं आणि गाडी अजूनही शांत आहे. हे मी मुद्दाम इतक्या उशिरा लिहितोय, कारण बेअरिंग बदलल्यावर पहिल्या दिवशी आवाज सगळ्यांचाच जातो. ठोकून बसवलेलं बेअरिंगसुद्धा सुरुवातीला गप्प असतं आणि काही हजार किलोमीटर झाले की पुन्हा घरघरायला लागतं. मधल्या काळात भरपूर पाऊस झाला, खड्डे झाले, पूर्ण लोड टाकून हायवेचे लांब प्रवास झाले. त्यामुळे आता खात्रीने बोलता येतं.

सुरुवात नेहमीसारखीच होती. वेग 50-60 च्या पुढे गेला की एकसुरी हूंऽऽ असा आवाज, आणि वेगाबरोबर तो वाढत जायचा. असा आवाज टायरचाही असू शकतो, विशेषतः टायर असमान झिजला असेल तर. फरक ओळखायची सोपी खूण म्हणजे रस्ता. गुळगुळीत डांबरावरून खडबडीत काँक्रीटवर गेलं की टायरचा आवाज बदलतो, बेअरिंगचा फारसा बदलत नाही. दुसरी खूण वळणाची. गाडी उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकावर येतं. तेव्हा आवाज वाढत असेल तर संशय डाव्या बाजूवर. ही खूण बहुतेक वेळा बरोबर ठरते, पण तिच्या एकटीच्या भरवशावर पार्ट मागवू नका. बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन ओळी असतात, आणि झिजलेली ओळ कोणती यावर आवाज कधी वाढतो तर कधी उलट कमी होतो.

मला पक्कं उत्तर मिळालं ते गाडी स्टँडवर घेतल्यावर. चाक वर-खाली धरून हलवलं तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, अजिबात नव्हता. इथेच बरेच जण ‘बेअरिंग ठीक आहे’ म्हणून मोकळे होतात. पण एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवलं, तेव्हा डाव्या बाजूला स्प्रिंगमधून बारीक खरखर बोटांना स्पष्ट जाणवली. उजवीकडे काहीच नाही. प्ले येतो तो शेवटच्या टप्प्यात, खरखर त्याच्या खूप आधी सुरू होते.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे बसवण्याचं काम. माझ्या गाडीत बेअरिंग नकलमध्ये (चाकामागचा, सस्पेन्शनला जोडलेला धातूचा भाग) प्रेस करून, म्हणजे घट्ट दाबून बसतं आणि सर्क्लिपने (खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी) अडवलेलं असतं. (काही गाड्यांत हब, म्हणजे चाक ज्यावर कसलं जातं तो भाग, आणि बेअरिंग एकत्र असतं आणि बोल्टांवर बसतं. तुमचं तसं असेल तर काम निम्म्याहून कमी.) आपल्याकडे वर्षानुवर्षं हातोडा आणि जुन्या पाइपचा तुकडा घेऊन हे काम होत आलंय. मी नकल काढून हायड्रॉलिक प्रेसवर काम करून घेण्याचा आग्रह धरला, आणि आजच्या शांततेचं श्रेय मी त्यालाच देतो.

कारण साधं आहे. बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर (गोळ्या जिच्यावरून फिरतात ती कडी) पडला पाहिजे, आणि त्यात हब दाबताना आतल्या रेसला खालून आधार हवा. हे उलटसुलट झालं की सगळा जोर गोळ्यांमधून जातो आणि रेसवर डोळ्यांना न दिसणारे बारीक खळगे पडतात. नवं बेअरिंग तिथेच जखमी होतं. जुनं काढतानाही जोर गोळ्यांमधूनच जातो, म्हणून काढलेलं बेअरिंग कितीही चांगलं दिसलं तरी परत वापरायचं नसतं. हब बाहेर आला तेव्हा आतल्या रेसचा अर्धा भाग त्यालाच चिकटून आला. तो पुलरने काढला, हबच्या दांड्यावर ओरखडा नाही ना हे पाहिलं, नकलचं भोक साफ केलं. त्या रेसवर माशाच्या खवल्यांसारखे पोपडे उडालेले होते आणि ग्रीस तपकिरी, पाणचट झालं होतं. म्हणजे सील गेलं आणि पाणी आत शिरलं. ही बेअरिंगं कायमची सीलबंद असतात, ग्रीस भरून त्यांचं आयुष्य वाढवता येत नाही.

एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट. अनेक बेअरिंगांच्या एका सीलमध्येच चुंबकीय पट्टा असतो आणि ती बाजू आत, चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडे जायला हवी. दोन्ही बाजू जवळपास सारख्याच दिसतात. कागदाची टाचणी जवळ नेली की चुंबकाची बाजू कळते. उलटं बसलं तर सेन्सरला सिग्नल मिळत नाही, डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो, आणि दुरुस्तीसाठी तेच नवंकोरं बेअरिंग उखडून फेकावं लागतं.

शेवटी ड्राइव्ह शाफ्टचा (चाकाला फिरवणारा दांडा) मोठा नट. अशा बेअरिंगचा आतला ताण हा नटच ठरवतो. चाकाचे बोल्ट साधारण 100-120 न्यूटन-मीटरवर कसतात, हा नट बऱ्याच गाड्यांत 200 च्याही पुढे. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. नट नवा वापरला आणि शेवटचं कसणं एअर गनने न करता टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने कसणारा पाना) केलं. नट पूर्ण कसला जाईपर्यंत गाडीचं वजन चाकावर टाकलं नाही, गाडी ढकललीही नाही. ढिल्या नटावर गाडी थोडी जरी सरकली तरी बेअरिंगला इजा होऊ शकते.

वापरातला फरक प्रामाणिकपणे सांगायचा तर तो फक्त आवाजाचा. स्टिअरिंग हलकं झालं, मायलेज वाढलं असं मला काहीही जाणवलं नाही. प्ले आलाच नव्हता, तेव्हा स्टिअरिंगमध्ये सुधारायला तसं काही नव्हतंच. पण लांबच्या प्रवासात मागे बसलेल्यांशी आवाज न चढवता बोलता येतं, ही माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे. एबीएसचा दिवा एकदाही लागला नाही. नकल काढताना स्ट्रटचे (सस्पेन्शनचा स्प्रिंग-शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा खांब) बोल्ट सोडवले होते, म्हणून चाकांची अलाइनमेंट करून घेतली, आणि टायर दोन्ही बाजूंनी सारखेच झिजताहेत.

कंपनीबद्दल विचारणा होईलच. एसकेएफ, एफएजी, एनटीएन, एनएसके यांपैकी कोणतंही अस्सल बेअरिंग चालेल असं माझं मत आहे. मात्र या नावांचा बनावट मालही फिरतो, तेव्हा अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. उजवं बेअरिंग ‘जोडीने बदला’ म्हणून सुचवलं होतं, मी बदललं नाही. टायर रोटेशनच्या (टायरांच्या जागा आलटून-पालटून बदलण्याच्या) वेळी स्प्रिंगवर हात ठेवून ते पुन्हा तपासलं. खरखर नाही, प्ले नाही. पुढच्या रोटेशनला परत बघेन.