आगळासाठी पिंप: जुनं निळं, स्वस्त काळं की नवं फूड-ग्रेड?

रातांबे (कोकमाची फळं) उतरायला लागले की प्रश्न येतो, यंदा आगळ, म्हणजे त्यांचा खारवलेला रस, ठेवायचं कशात? घरापुरतं असेल तर चिनी मातीची बरणी घ्या, विषय संपला. स्टीलचा विचार करू नका, मीठ आणि आंबट एकत्र आलं की ते ठिपक्याठिपक्यांनी गंजतं. पण विकण्यासाठी शंभर-दोनशे किलो रातांबे फोडणाऱ्यांना पिंप लागतंच.

भंगारवाल्याकडचं जुनं निळं पिंप जाड, टिकाऊ आणि सगळ्यांत स्वस्त. आमच्या काकीनं आणलं होतं. राखेनं घासलं, सोड्यानं धुतलं, आठ दिवस उन्हात पालथं घातलं. वास गेला. पावसाळ्यात झाकण उघडलं तर आगळाला तोच उग्र वास! सगळं ओतून द्यावं लागलं. ही पिंपं एचडीपीई नावाच्या प्लास्टिकची असतात, आणि ते द्रावकं (इतर पदार्थ विरघळवणारी रसायनं) आत शोषून घेतं. घासून वरचा थर निघतो. भिंतीत मुरलेलं हळूहळू परत पाझरतं. इथे निदान वासानं सांगितलं. वास नसलेलं काही मुरलेलं असतं तर आम्ही ते आगळ प्यायलो असतो, विकलंही असतं. महाड, लोटे-परशुराम ही रसायनांची गावं आपल्या वाटेवरच आहेत, तेव्हा पिंपात आधी काय होतं ते कळल्याशिवाय हात लावू नका. घातक रसायनांनी माखलेली रिकामी पिंपं २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांनुसार स्वतःच घातक कचरा ठरतात.

भंगार वितळवून केलेलं काळं पिंप कोरं दिसतं म्हणून फसायला होतं. रंगीबेरंगी भंगार वितळवलं की काळ्याशिवाय दुसरा रंग नीट बसत नाही. त्यात टीव्ही-कॉम्प्युटरच्या खोक्यांचं प्लास्टिक मिसळलं गेलं, तर ब्रोमीनयुक्त अग्निरोधकंही (आग पसरू नये म्हणून मिसळलेली रसायनं) येतात. त्यांपैकी डेकाबीडीई हे रसायन २०१७ साली घातक रसायनांविषयीच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात बंदीच्या यादीत गेलं. तळाच्या त्रिकोणातला २ आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो, शुद्धता नाही. कलमांना, शेणखताला हे पिंप खुशाल वापरा.

आगळाला मात्र नवं फूड-ग्रेडच, म्हणजे खाण्याच्या वस्तू ठेवण्याजोगं. पेला-काट्याचं चिन्ह बघा, आयएस १०१४६ या भारतीय मानकाप्रमाणे आहे का विचारा, बिलावर तसं लिहून घ्या. महाग पडतं, हे खरं; दोन घरांनी मिळून घेतलं तरी चालेल.

जुनं निळं घरात असेलच, तर ते गुरांच्या पाण्यालाही नको आणि खाडीत तराफ्याखालीही नको. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रियावाल्याकडेच द्या.