झेब्राफिश की उंदीर?

प्लास्टिकमधलं, शेतातलं रसायन गर्भाच्या मेंदूचं काय करतं, त्याचा ऑटिझमशी (स्वमग्नतेशी) संबंध आहे का, हे प्रयोगशाळेत पाहायचं तर मी आधी झेब्राफिश हा छोटा पट्टेरी मासाच घेईन. अंडं जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढं, काचेसारखं आरपार. सूक्ष्मदर्शकाखाली साधारण 24 तासांत धडधडणारं हृदय दिसतं. अंडी शेकड्यांनी मिळतात, त्यामुळे एकाच दिवशी कितीतरी मात्रा तपासता येतात. 2015 मध्ये कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठातल्या प्रयोगात प्लास्टिकमधल्या ‘बिस्फेनॉल ए’ या रसायनाच्या अत्यल्प मात्रेमुळे या माशांच्या मेंदूत वेळेआधी चेतापेशी वाढल्या आणि पुढे पिल्लं अतिचंचल झाली.

उंदराचा गर्भ वीसेक दिवस पोटात दडलेला. खर्चही जास्त. पण या माशाला वार, म्हणजे गर्भाला आईशी जोडणारी प्लॅसेंटा, नसते! आईच्या रक्तातून बाळापर्यंत काय झिरपतं, हे उंदरीणच दाखवते. पिल्लांना चाटणारी, पाजणारी आईही तिथेच भेटते, आणि ऑटिझमचा अभ्यास करताना ती वगळून कसं चालेल?