पहिला पैसा कुठे: पाण्यावर, बसवर की घरांवर?

शाश्वत, संकटात तग धरणारं आणि सर्वसमावेशक शहर. विकास आराखड्यांत हे तिन्ही शब्द हल्ली एका दमात येतात. तिजोरी मात्र एकच असते, आणि मोठं काम सुरुवातीला एकच हाती घेता येतं. नगरसेवक, नियोजन समितीचे सदस्य किंवा आराखड्यावर हरकती लिहिणारे नागरिक यांच्यासाठी तीन वाटा शेजारी ठेवून पाहतो आहे. माझा कौल घरांना आहे, म्हणजे खरं तर जमिनीला. पण आधी बाकीच्या दोन वाटा.

पाणी

कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ रोजी दोनेक तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळला. जमिनीखालच्या गटारी नुसत्या मोठ्या करत बसणं फार महाग पडणार होतं. म्हणून २०१२च्या ढगफुटी आराखड्यात शहराने पाणी जमिनीवरूनच वळवायचं ठरवलं: काही रस्ते पाणी वाहून नेतील, काही बागा तात्पुरते तलाव होतील. कामं सुमारे ३००, मुदत वीस वर्षांची. रॉटरडॅमचा बेंथेमप्लेन चौकही याच जातीचा आहे. कोरड्या दिवसांत तिथे मुलं खेळतात, पावसात तोच चौक टाकी होतो. एकाच खर्चात दोन कामं होतात, म्हणून ही वाट मला आवडते.

पण तिला मर्यादा आहेत. पावसाचं पाणी शहराच्या जमिनीने स्पंजसारखं शोषून घ्यावं, या चीनच्या ‘स्पंज शहर’ धोरणावर चेंगचौ शहराने मोठा खर्च केला होता, तरी २० जुलै २०२१ रोजी एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मेट्रोच्या बोगद्यात पाणी शिरून १४ माणसं दगावली. ब्राझीलच्या पोर्तु आलेग्रीत पूर अडवायला भिंत होती, दरवाजे होते, पंपही होते. मे २०२४च्या पुरात दरवाजांनी दगा दिला आणि बहुतेक पंपघरं बंद पडली. १९८९पासून नागरिकांना अंदाजपत्रकात सहभागी करून जगाला धडा देणारं शहर हेच! लोकांना विचारणं आणि पंपांची निगा राखणं ही दोन वेगळी कामं आहेत. तेव्हा या वाटेने जाताना बांधकामाच्या आकड्याआधी वार्षिक देखभालीचा आकडा मागा.

शिवाय पाण्याला जागा द्यायची म्हणजे कुणाची तरी जागा घ्यायची. नेदरलँड्समधल्या नायमेखनने वाल नदीसाठी बांध ३५० मीटर मागे सरकवला, तेव्हा सुमारे ५० घरं उठवावी लागली. त्याआधी अनेक वर्षं बोलणी चालली होती. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये २००६च्या जानेवारीत नकाशा छापून आला तो हिरव्या ठिपक्यांचा. ठिपका म्हणजे भावी उद्यान, आणि त्याखाली कतरिना वादळाने परागंदा केलेल्या लोकांच्या वस्त्या! लोक इतके खवळले की तो बेत मागे पडला. पर्यावरणाच्या हिशेबात दोन्ही बेत सारखेच शहाणे म्हणता येतील. नायमेखनमध्ये लोकांशी आधी बोललं गेलं, न्यू ऑर्लिन्सच्या लोकांना ते वर्तमानपत्रातून कळलं.

बस

झटपट फळ हवं असेल तर हीच वाट. ब्राझीलच्या कुरितिबा शहराने १९७४मध्ये बसला स्वतंत्र मार्गिका दिली आणि उंच इमारतींना परवानगी मुख्यतः त्याच मार्गांलगत दिली. वाहतूक आणि बांधकाम एकाच नकाशावर आखण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. कोलंबियाच्या मेडेयीन शहराने २००४मध्ये डोंगरावरच्या गरीब वस्तीपर्यंत केबलकार नेली आणि ती मेट्रोला जोडली. चढ-उताराच्या पायपिटीतून सुटका झालेल्या माणसाला समावेशकता समजावून सांगावी लागत नाही.

उणीव कुरितिबातच दिसते. मार्गालगतच्या जमिनी महागल्या आणि ज्यांना बसची सर्वाधिक गरज होती ते शहराच्या कडेला गेले.

घरं

व्हिएन्नाने १९२३मध्ये घरांवर चढत्या दराचा कर बसवला. आलिशान घराला जास्त, साध्या घराला नाममात्र. त्या पैशातून १९३४पर्यंत साठ हजारांहून अधिक सदनिका उभ्या राहिल्या. आज शहराच्या मालकीची सुमारे २,२०,००० घरं आहेत आणि निम्म्याच्या आसपास रहिवासी महापालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. घरं विकून मोकळं व्हायचा मोह शहराने टाळला, ही मला सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते. त्यामुळे नवी मेट्रो, नवी बाग आली तरी तिथला भाडेकरू हुसकला जाण्याची धास्ती कमी राहते.

सिंगापूरने वेग दाखवला. १९६०मध्ये गृहनिर्माण मंडळ, १९६६मध्ये भूसंपादनाचा कडक कायदा, आणि आज पाचातले जवळजवळ चार रहिवासी मंडळाच्या घरांत राहतात. १९८९पासून प्रत्येक इमारतीत वांशिक गटांचं प्रमाणही ठरलेलं आहे. मात्र जमीन ज्या सक्तीने घेतली गेली ती प्रत्येक लोकशाहीत चालणार नाही.

दोघांचंही दार सगळ्यांना उघडं नाही. व्हिएन्नात महापालिकेच्या घरासाठी आधी काही काळ शहरातच राहिलेलं असावं लागतं, म्हणजे नवख्याची अडचण होते. सिंगापूरचे स्थलांतरित मजूर वेगळ्या वसतिगृहांत राहतात. २०२०च्या साथीत त्या दाटीची किंमत त्यांनी मोजली.

निवडताना

दर पावसाळ्यात माणसं दगावत असतील तर वाद नको, पहिला पैसा पाण्यावर. पण ज्यांना हलवायचं त्यांची पर्यायी घरं आधी बांधून तयार असू द्या. शहर अजून पसरत असेल आणि कडेच्या जमिनी सार्वजनिक हातात असतील, तर त्या विकू नका. व्हिएन्नाची वाट तुम्हाला परवडणारी आहे. जमीन आधीच खासगी हातात गेली असेल तर बस निवडा, मात्र क्रम पाळा: मार्गिका जाहीर करण्याआधी तिच्या दोन्ही बाजूंच्या उरल्यासुरल्या सरकारी भूखंडांची यादी करून ते घरांसाठी राखून ठेवा. घोषणेच्या दुसऱ्या दिवशी भाव चढतात, आणि मग तिथे घरं बांधणं महापालिकेलाच परवडत नाही.