गिअरबॉक्सची गळती घरीच थांबवली : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

बाबांचा डावा गुडघा दुखायला लागल्यापासून आमच्याकडे ऑटोमॅटिक गाडी आहे. जुनी सेडान, चार गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे क्लचऐवजी तेलातून इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारी. गेल्या मे महिन्यात सकाळी 'डी'मध्ये, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये, टाकल्यावर ती क्षणभर नुसतीच घुं करायची, मग धक्का देऊन निघायची. पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढे लालसर डाग पडत होते. लाल दिसलं की इंजिन ऑईल नव्हे, बहुधा ट्रान्समिशन फ्लुइड (गिअरबॉक्सचं तेल), हे तिथेच कळलं.

एका गॅरेजने खाली न वाकताच "गिअरबॉक्स उतरवावा लागेल, पस्तीस हजार" असं सांगितलं. त्याआधी मी गळती थांबवणारं बाटलीतलं औषध घालून पाहिलं होतं. त्याने रबरी सील थोडं फुगतं, पण तडकलेलं गॅस्केट, म्हणजे दोन भागांच्या सांध्यातली चकती, काही सांधत नाही. तीन आठवड्यांत डाग पुन्हा हजर.

खरं महत्त्वाचं काम गळती नेमकी कुठून होते ते शोधण्याचं. वाऱ्याने तेल मागे पसरतं आणि सगळ्यात खालच्या बोल्टवरून ठिबकतं, त्यामुळे थेंब पडतो तिथे दोष असेलच असं नाही. इंजिन गार झाल्यावर ब्रेक क्लीनरने सगळा खालचा भाग पुसून काढला, त्यावर साधी टाल्कम पावडर भुरभुरली आणि दहा किलोमीटर फिरून आलो. परत खाली शिरलो तर पॅनच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या भांड्याच्या, मागच्या उजव्या कोपऱ्यातून पांढऱ्या पावडरीत लाल रेघ उतरलेली होती. तेल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपा आणि चाकांकडे जाणाऱ्या ॲक्सलची सीलं कोरडी. कन्व्हर्टरभोवतीच्या घंटीसारख्या कवचातून (बेल हाऊसिंग) तेल येत असतं तर मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागला असता, तो घरच्या घरी करायचा उद्योग नाही.

गाडी जॅक स्टँडवर, म्हणजे तिला पेलून धरणाऱ्या लोखंडी पायांवर, घेतली. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही खाली झोपू नये, हे मी हात जोडून सांगतो. पॅन काढताना एका बाजूचे बोल्ट आधी सैल केले की तेल त्याच कोपऱ्यातून परातीत उतरतं. माझं पावणेतीन लिटर निघालं. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि वर राहतं, त्यामुळे याला पूर्ण ऑईल चेंज समजू नका. जुनं गॅस्केट भाजलेल्या पापडासारखं बोटात मोडत होतं. पॅनमधल्या चुंबकावर काजळासारखा राखाडी लेप होता. एवढा लेप जुन्या गिअरबॉक्समध्ये चालतो. धातूचे तुकडे दिसले असते तर मी तिथेच थांबलो असतो.

आधी कुणीतरी बोल्ट फार आवळले होते. भोकांभोवतीचा पत्रा वर उचलला गेला होता, म्हणूनच नवं गॅस्केटही बसलं नसतं. लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने कड सपाट केली. या कामाला दोन तास गेले, आणि आठ महिने पॅन कोरडा आहे तो याच दोन तासांमुळे. सिलिकॉन लावलं नाही, कारण त्याचे तुकडे सुटले की फिल्टरमध्ये आणि व्हॉल्व्हमध्ये अडकतात. बोल्ट आवळायचा जोर माझ्या मॅन्युअलमध्ये फक्त ८ न्यूटन-मीटर दिलाय. चाकाच्या नटांना शंभरच्या आसपास लागतं, त्यावरून अंदाज करा. हा जोर मोजून आवळणारा टॉर्क रेंच मित्राकडून आणला आणि समोरासमोरचे बोल्ट दोन फेऱ्यांत आवळले.

गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच तेल घातलं. सीव्हीटीचं, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचं, तेल यात चालत नाही. आधी जितकं निघालं तितकंच भरलं, मग इंजिन चालू ठेवून सगळे गिअर एकेकदा फिरवले आणि थोडं फिरून गरम झाल्यावर सपाट जागी डिपस्टिक (तेलाची पातळी मोजायची पट्टी) पाहिली. अर्धा लिटर अजून लागलं, तेवढंच आधी गळून गेलं होतं. गॅस्केट, फिल्टर आणि तेल मिळून साडेचार हजारांच्या आत भागलं. जुनं तेल गॅरेजच्या ड्रममध्ये दिलं, गटारात ओतलं नाही.

तेव्हापासून सहा हजार किलोमीटर झाले. पावसाळ्यात कसारा घाट तीनदा चढलो, एकदा भर ट्रॅफिकमध्ये. 'डी'मध्ये टाकल्यावर गाडी लगेच उचलते. पहिले दोन महिने रोज रात्री खाली पुठ्ठा ठेवायचो, आता महिन्यातून एकदा. गेल्या रविवारी पाहिलं तर पॅनचा कोपरा कोरडा होता, पण डाव्या ॲक्सल सीलभोवती हलका ओलावा दिसतोय. तिथे पुसून पुन्हा पावडर मारून ठेवली आहे.