पाण्याखालच्या चित्रीकरणात बाहेरचा मॉनिटर: एका हंगामाचा अनुभव

मालवणच्या समुद्रात ऑक्टोबर ते मे असा संपूर्ण हंगाम कॅमेऱ्याच्या हाउसिंगवर (पाणी आत न शिरू देणाऱ्या पेटीवर) पाच इंची बाहेरचा मॉनिटर लावून चित्रीकरण केल्यानंतर माझे मत ठाम झाले आहे. बारीक जीव जवळून टिपणाऱ्याने तो जरूर घ्यावा. केवळ विस्तीर्ण दृश्ये घेणाऱ्याने मात्र घाई करू नये.

त्याचा खरा उपयोग खडकाच्या बुडाशी कळतो. कॅमेरा तळालगत ठेवला की हाउसिंगच्या मागच्या काचेतून कॅमेऱ्याचा छोटा पडदा पाहण्यासाठी पूर्ण आडवे व्हावे लागते आणि फिन्सचा जरासा धक्का लागला तरी गाळ उठतो. वर बसवलेला मॉनिटर आपल्याकडे तिरका वळवता येत असल्याने शरीर तळापासून दूर ठेवून काम होते. मॅक्रो लेन्सने कवच नसलेली समुद्री गोगलगाय टिपताना जेमतेम काही मिलिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. फोकस पीकिंगची, म्हणजे स्पष्ट आलेला भाग दाखवणारी, रंगीत कड तिच्या डोक्यावरच्या दोन शिंगांवर आहे की मागच्या पिसाऱ्यासारख्या कल्ल्यांवर सरकली आहे, हे मोठ्या पडद्यावर लगेच कळते.

प्रकाशाचा अंदाज पडद्याच्या उजळपणावरून बांधू नये, हे मी आग्रहाने सांगेन. आजूबाजूला अंधार असला की हजार निट्सचा (निट हे पडद्याच्या उजळपणाचे एकक) पडदा डोळ्यांना भगभगीत वाटतो, आपण एक्स्पोजर कमी करतो आणि किनाऱ्यावर आल्यावर चित्र काळवंडलेले निघते. म्हणून खोलात ब्राइटनेस बराच उतरवून चित्रातला उजेड ठरावीक रंगांत दाखवणाऱ्या फॉल्स कलरवर किंवा आलेखात दाखवणाऱ्या वेव्हफॉर्मवर विसंबावे. पूर्ण ब्राइटनेस दुपारच्या उथळ पाण्यापुरताच लागतो, आणि तो कमी ठेवल्याने बॅटरीही अधिक टिकते.

तोल साधणे हा सर्वांत वेळखाऊ भाग आहे. माझे मॉनिटरचे हाउसिंग पाण्यात किंचित जड असल्यामुळे वजन वर आणि कॅमेऱ्याच्या हाउसिंगमधली हवा खाली अशी मांडणी होऊन सगळा संच उलटू पाहत असे. तरंगते आर्म (दिवे धरणारे हलके दांडे) वरच्या बाजूला घेतल्यावर तो स्थिर झाला. प्रवाहाचा उपाय मात्र सापडलेला नाही. उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीच्या, दिवसांत मॉनिटर शिडासारखा पाणी धरतो आणि मनगट भरून येते. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत प्रवाह मंद असतो, गाळही कमी उठतो, आणि मॉनिटरचे काम तेव्हाच नीट होते.

खरेदीपूर्वी जोडणी नीट तपासावी. काही कॅमेऱ्यांत एचडीएमआय (मॉनिटरकडे चित्र नेणारी केबल) जोडताच मागचा पडदा बंद होतो, त्यामुळे केबल सैल झाली तर पाण्यात काहीच दिसत नाही. काही रचनांत दोन्ही हाउसिंगमधली हवा एकाच नळीने जोडलेली असते, म्हणजे मॉनिटरमध्ये शिरलेले पाणी कॅमेऱ्यापर्यंत पोहोचू शकते. मधला जोड स्वतंत्रपणे बंद असलेली रचनाच घ्यावी. ओ-रिंगवर (हाउसिंगची फट बंद करणाऱ्या रबरी कडीवर) तारकर्लीच्या बारीक वाळूचा एक कण किंवा एखादा केसही गळतीला पुरतो. म्हणून ग्रीसचा पातळ थर लावून, पंपाने हवा काढून, दोन्ही हाउसिंगमधला दाब किमान अर्धा तास टिकतो का हे होडीत चढण्यापूर्वीच पाहावे. डोलत्या होडीत बॅटरी बदलण्यासाठी हाउसिंग उघडू नये.

ज्या दिवशी माशांचे थवे किंवा बुडालेले जहाज टिपायचे असते, त्या दिवशी मी मॉनिटर काढून कॅमेऱ्याच्या हाउसिंगवरच्या त्याच्या जोडणीच्या छिद्राला बूच लावतो आणि हलका संच घेऊनच पाण्यात उतरतो.