हॅम्बुर्ग की ब्रेमेन?

जर्मनीच्या १६ राज्यांपैकी तीन राज्यं मुळात शहरंच आहेत. राजधानी बर्लिन बाजूला ठेवू. खरी जोडी हॅम्बुर्ग आणि ब्रेमेनची. दोन्ही जुनी व्यापारी बंदरं, आणि दोघांचा तोरा अजून गाड्यांच्या नंबरप्लेटवर दिसतो: 'एचएच' आणि 'एचबी'. त्यातला पहिला 'एच' हान्सा व्यापारसंघाचा.

हॅम्बुर्गचा कारभार सुटसुटीत. शहर तेच राज्य, महापौर तोच मुख्यमंत्री. १९३७च्या कायद्याने आल्टोना, हारबुर्ग वगैरे शेजारची शहरं त्यात आली, एवढंच.

ब्रेमेन मात्र गमतीदार. राज्य एक, शहरं दोन, आणि मध्ये सुमारे ६० किलोमीटर दुसऱ्याच राज्याचा मुलूख! वेझर नदी गाळाने भरत चालली, तेव्हा १८२७मध्ये महापौर योहान स्मिट यांनी समुद्राजवळ हानोफरकडून जमीन घेतली आणि ब्रेमरहाफेन वसवलं. आज त्या शहराला स्वतःचा महापौर आहे, पण तिथल्या बंदराचा मोठा भाग ब्रेमेन शहराच्या हद्दीत मोडतो. (सातबाऱ्यावर हे कसं चढवलं असतं कोण जाणे.)

लोकसंख्येत हॅम्बुर्ग अडीचपटीहून मोठं, तरी संसदेच्या राज्यसभागृहात दोघांना मतं तीन-तीनच. सोय बघायची तर हॅम्बुर्ग; माझं मत मात्र ब्रेमेनला.